बंद पडलेली जुनी गाडी स्वतः दुरुस्त करायला घ्यायची आहे, बघताना नेमकं काय बघू?

धागादोरा

नमस्कार. ओळखीतल्या एका काकांकडे सतरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक पडून आहे. चार सिलिंडर, हाताचे गिअर, मीटरवर १,३८,००० किलोमीटर. गेले चौदा महिने शेडमध्ये उभी. भंगारात जेवढे येतील त्याहून थोडे जास्त दिले की गाडी माझी, असं काका म्हणतात.

काल बघून आले. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर लावून सेल्फ मारला, चौथ्या-पाचव्या खेपेला चालू झाली. मागून निळसर धूर आला, दोनेक मिनिटांनी जवळजवळ थांबला. जागेवर चालताना इंजिन एक ठोका चुकल्यासारखं थरथरतं, म्हणजे मिसिंग आहे. क्लच अगदी वर येऊन सुटतो. डावीकडच्या पुढच्या सीटसमोरची मॅट ओली होती. पत्रा बाहेरून बरा दिसतो, फक्त एका दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगी आली आहे.

माझ्याबद्दल सांगते. आईचं शिवणयंत्र मी लहानपणापासून उघडत आले, त्याचं टायमिंग मीच लावते. भावाच्या गाडीचे प्लग, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड मी बदलले आहेत. सॉकेट सेट आहे, टॉर्क पाना भावाचा मिळतो. कामावर जायला मला गाडी लागत नाही, त्यामुळे ही सहा महिने उघडी पडून राहिली तरी माझं अडणार नाही.

घरचे म्हणतात, इंजिन थरथरतंय म्हणजे गाडी गेली. मला इंजिनची भीती वाटत नाही, उलट तेच उघडायची इच्छा आहे. पण कुठल्या गोष्टीला "नको" म्हणून परत फिरायचं, हे मला कळत नाही. ज्यांनी अशी गाडी घेतली आहे त्यांनी सांगावं.

निळी डबी

बॉनेट उघडण्याआधी कागद बघा. चासी नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, तो आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून कागदाशी ताडून बघा, प्रत्येक अक्षर. नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील तर तिथूनच परत या. गाडीवर कुणाचं कर्ज बाकी नाही ना, तेही विचारा. ओळखीतली माणसं आहेत म्हणून हे विचारायला संकोच करू नका.

जुना पाना

ताई, घरच्यांचं म्हणणं चूक नाही, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे. इंजिन थरथरतंय यावरून गाडी गेली असं ठरत नाही. ते ठरतं पत्र्यावरून.

मी अशा दोन गाड्या घेतल्या. पहिलीचं इंजिन एका सेल्फमध्ये चालू व्हायचं, आवाज इतका गोड की मी बाकी काही बघितलंच नाही. घरी आणली, चाक काढायचं म्हणून जॅक त्याच्या ठरलेल्या जागी लावला आणि दांडा फिरवायला लागलो. गाडी वर येईना. आधी वाळका पापड मोडावा तसा कुरकुर आवाज आला, मग जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यात आत गेलं. मी वाकून बघतोय तोवर बाहीवर तांबडा चुरा पडला, आणि त्यात राखाडी पुट्टीचे तुकडे. आतला पत्रा कधीच संपला होता, कुणीतरी जाळी लावून पुट्टी भरून वर रंग मारला होता. मला वेल्डिंग येत नव्हतं. दहा महिन्यांनी ती गाडी भंगारात गेली, ते गोड इंजिन आत तसंच ठेवून.

दुसरीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं डोकं (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे यायचे, चालूसुद्धा नीट होत नव्हती. पण खालून ठणठणीत होती. हेड उतरवलं, सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं. सहा वर्षं झाली, आजही मी तीच चालवतो. इंजिनचा प्रत्येक भाग बोल्टने लावलेला असतो, म्हणून तो निघतो आणि बदलता येतो. गाडीचा सांगाडा बदलता येत नाही.

म्हणून रविवारी परत जा आणि इंजिनकडे न बघता आधी हे करा. चटई आणि जुने कपडे न्या, खाली आडवं व्हावं लागेल. एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि एक छोटं लोहचुंबक जवळ ठेवा. दाराखालचा लांब पत्रा, जॅक लावायच्या जागा, बॉनेट उघडल्यावर शॉकअब्सॉर्बर जिथे वर बोल्टने बसतो ती वाटी, मागच्या सस्पेन्शनचे टेकू, स्टेपनीचा खड्डा. प्रत्येक ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द वाजतो. मग टोक दाबा. वरवरचा गंज खरवडून निघतो आणि खाली चकचकीत धातू दिसतो, त्याला घाबरू नका. टोक आत गेलं तर ते भोक आहे. फुगीवर चुंबक धरा, चिकटत नसेल तर तिथे पुट्टी आहे. दाराला फुगी आली तर चालतं, दार बदलता येतं. शॉकच्या वाटीला किंवा सस्पेन्शनच्या टेकूला भोक असेल तर मात्र काकांचे आभार मानून घरी या, किंमत कितीही कमी असो.

ओली मॅट पूर्ण उचला. पाणी साधं आहे की चिकट, गोडसर वासाचं, ते बोटांवर घेऊन बघा. साधं असेल तर बहुतेक पुढच्या काचेखालच्या खोबणीतली निचऱ्याची वाट पाल्याने बुजली आहे. चिकट असेल तर ते कूलंट आहे आणि हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम बोट चेपायचं आहे, पण होतं. (कूलंट विषारी असतं, हात लगेच धुवा.) सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायलाही विसरू नका. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ राहते, कितीही धुतली तरी.

आता तुमचा निळा धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहून चालू करताना येतो आणि मग थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असतात. ऑइल त्यातून हळूहळू खाली झिरपून बसतं आणि पहिल्या दोन मिनिटांत जळून जातं. रेस दिली की वाढत जाणारा निळा धूर पिस्टन रिंगांचा, ते मोठं काम. दाट पांढरा, गोड वासाचा आणि न थांबणारा असता तर हेड गॅस्केटकडे बोट गेलं असतं.

हे अंदाजावर ठेवू नका, कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, कुणाकडून तरी मागून न्या. पण त्याआधी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा, बघा. तुमच्या इंजिनला साखळी असेल तर प्रश्न नाही. पट्टा असेल तर तो किलोमीटरवर जसा संपतो तसा वर्षांवरही संपतो, आणि शेवटचा कधी बदलला याची चिठ्ठी नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. वरचं कव्हर काढून टॉर्च मारा. पाठीवर भेगा किंवा कडेला धागे सुटलेले दिसले तर सेल्फसुद्धा मारू नका. पट्टा तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

पट्टा ठीक दिसला तर पूर्ण चार्ज बॅटरी लावा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, ठिणगी पडू नये म्हणून इग्निशनची जोडणी काढून ठेवा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि एकेका सिलिंडरला पाच-सहा ठोके सेल्फ मारा. पेट्रोल इंजिनला साधारण १२५ ते १८० पीएसआय यायला हवेत. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यात १० ते १५ टक्क्यांहून जास्त अंतर नको. एखादा कमी आला तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा झिजल्या आहेत, ऑइलने तेवढ्यापुरती फट भरली. हललाच नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सारखेच कमी आले तर त्या दोघांमधलं गॅस्केट.

स्कॅनर असेल तर लावा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. पण बॅटरी उतरलेली होती, बऱ्याच गाड्यांत त्याने कोड पुसले जातात, तेव्हा कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका.

रात्रपाळी

वरच्या सगळ्याशी सहमत, पण क्रम माझा वेगळा. गाडी घेतलीत तर पहिलं काम ब्रेक, आणि गाडीखाली जाण्याआधी जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी एकदा हात घातला होता. फक्त हात. घसरलेला एक वॉशर काढायला. वॉशर उचलला, हात बाहेर घेतला आणि जॅक तिरका होऊन डिस्क थेट फरशीवर बसली. मधे किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही, इतका तो कमी होता. त्यानंतर मी सपाट पक्क्या जमिनीवर, विरुद्ध चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, गाडी स्टँडवर बसवतो. मग दोन्ही हातांनी जोरात हलवून बघतो आणि नंतरच खाली जातो. काढलेलं चाकही दाराखालच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवतो. ताई, हे एकट्या असताना तर नक्की करा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३०° सेल्सियसच्या वर उकळतं, पाणी शोषलेल्या अवस्थेत त्याची किमान मर्यादा १५५° वर येते. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. उभ्या गाडीत तेच पाणी व्हील सिलिंडरला आतून गंजवतं. तेव्हा ऑइल पूर्ण बदला, चारही रबरी पाइप वाकवून भेगा बघा, मागचे ड्रम उघडा. टायरवर नक्षी दिसते म्हणून फसू नका, बाजूला चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर गाडी घराबाहेर काढण्यापुरते.

टाकीतलं चौदा महिन्यांचं पेट्रोलही काढून टाका, उघड्या ज्योतीपासून आणि पेटत्या दिव्यापासून लांब.

कोपऱ्यातला कंदील

मी घेतलेली गाडी पूर्ण झाली नाही, म्हणून लिहितो. ती बिघाडांमुळे राहिली नाही. पहिल्याच आठवड्यात उत्साहात मी पुढचं सस्पेन्शन, डॅशबोर्ड आणि हेड एकदम उतरवलं. बोल्ट सगळे एका डब्यात टाकले. पावसाळा संपून परत हात लावला तेव्हा कुठला बोल्ट कुठला ते आठवेना. एक लांब बोल्ट आखूड भोकात पिळला, अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले, आणि मग माझं मनच उडालं.

एका वेळी एकच काम काढा, गाडी पुन्हा चालती करा, मग पुढचं. प्रत्येक कामाच्या बोल्टांना वेगळी पिशवी आणि वर चिठ्ठी. उतरवण्याआधी फोटो काढा, तोही असा की वायर कुठून कशी गेली ते दिसेल. तुम्ही शिवणयंत्र उघडता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

धागादोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी चार तास तिथेच होते.

कागद आणि नंबर जुळले. सुरुवात खालून केली. उजवीकडची मागची जॅकची जागा ठोकली तर आवाज जरा दबका आला, जीव खाली-वर झाला. खरवडली तेव्हा जुन्या काळ्या लेपाचा जाड थर निघाला आणि खाली पत्रा चकचकीत. बाकी सगळीकडे टणटण. दाराच्या फुगीवर चुंबक चिकटलं, टोक दाबल्यावर नखाएवढं भोक पडलं, पण ते दारालाच आहे. शॉकच्या वाट्या दोन्ही कोरड्या.

मॅटखालचं पाणी साधं निघालं. वायपरखालची जाळी काढली तर आत सडलेल्या पानांचा काळा लगदा, ओंजळभर. निचऱ्याच्या नळीत तार घातल्यावर पाणी भसकन खाली गेलं, काकासुद्धा बघत राहिले. जमिनीच्या पत्र्यावर गंज आहे, पण टोक आत जात नाही.

टायमिंगच्या पट्ट्यावर भेगा नाहीत, तरी गाडी घेतली तर तो, त्याची टेन्शनर पुली आणि वॉटर पंप मी एकत्र बदलणार आहे. मग गेज लावलं. पहिला १६५, दुसरा १६०, तिसरा १२८, चौथा १६२. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, १३१.

म्हणजे रिंगा नाहीत ना? गळती वर आहे. हेड उतरवूनच बघावं लागेल का?

जुना पाना

लगेच हेड उतरवू नका. १६५ आणि १२८ मध्ये बावीस टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे मिसिंगचं कारण सापडलं. बाकी तिघांवरून रिंगा चांगल्या दिसतात, त्यामुळे निळा धूर सीलचाच धरायला हरकत नाही.

आधी वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढा. तुमच्या इंजिनला टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) स्क्रू आणि लॉक नट असतील तर इंजिन पूर्ण थंड असताना, तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या ठोक्यावर अगदी वर आणून, फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट मोजा. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत जातो आणि फट कमी होत होत संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन पडतं, आणि एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह असेल तर तो बैठकीवर टेकून थंड होऊ न शकल्याने कडेला जळायला लागतो. वेळेत सापडला तर नुसती फट लावून भागतं. जळला असेल तर हेड उतरणारच, मग सीलही त्याच वेळी बदला.

हेड नाही उतरलं तरी सील बदलता येतात. प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी व्हॉल्व्हला खालून दाबून धरते, स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. सेल्फ चुकूनही मारायचा नाही.

गाडी घ्या. पत्रा असा असेल तर मी घेतली असती.

धागादोरा

घेतली. दोरी बांधून आणली, भाऊ पुढच्या गाडीत. ब्रेक आधी पुरेसे लागताहेत हे अंगणात तीनदा तपासून मगच रस्त्यावर काढली, आणि सगळा रस्ता पायी चालण्याच्या वेगाने.

पट्टा बदलल्यावर काल व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एग्झॉस्ट टॅपेटखाली ०.०५ मिलिमीटरची सर्वांत पातळ पात सुद्धा जात नव्हती. बाकी सगळ्यांत थोडी थोडी फट होती, ह्यात शून्य. पुस्तकात दिलेल्या मापावर लावली. लॉक नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि फट बदलते, हे मला तिसऱ्यांदा लावताना लक्षात आलं. स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा. पात ओढताना हाताला हलकी रुखरुख जाणवली पाहिजे, दोऱ्याला ताण असतो तशी. तो ताण माझ्या बोटांना ओळखीचा होता.

परत मोजलं, १५४. चालू केल्यावर थरथर नाही. आई आतून म्हणाली, "आता एकसारखी टाके घालतेय."

आता अडले आहे ते मागच्या डाव्या ड्रमवर. हँडब्रेक सोडलेला आहे, लाकडी हातोडीने कडेने ठोकून झालं, तो हलत नाही. ड्रमच्या तोंडावर समोरासमोर दोन रिकामी आट्यांची भोकं आहेत, त्यांचं काय करायचं?

रात्रपाळी

ती त्याचसाठी आहेत. बऱ्याच गाड्यांना एम८ बोल्ट लागतात, आटे हाताने सहज बसतात का ते आधी बघा. भोकांत आणि मधल्या हबच्या गोलावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा वेढा आवळा. एकच आवळत गेलात तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकेल. थोडा सुटून परत अडला तर आत लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) ड्रमच्या झिजलेल्या काठाला धरतंय, मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून अ‍ॅडजस्टर सैल करा.

ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका आणि हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आणि दोन्ही बाजू एकदम उघडू नका. उजवीकडचा ड्रम जोडलेला असू द्या, स्प्रिंगा कशा बसतात ते विसरलं तर तिथे बघता येईल.